शून्य मैलापासून चौपाटीपर्यंत

आमच्या नागपुरात पाण्याला तोटा नाही. पण ते सगळे काठ असलेले पाणी आहे. अंबाझरी घ्या, फुटाळा घ्या, गांधीसागर घ्या. या काठावर उभे राहिले की त्या काठावरचा माणूस दिसतो. नजर चांगली असेल तर तो काय खातो आहे हेही दिसते. ज्याला पलीकडचा काठच नाही असे पाणी आमच्या सौभाग्यवतींनी एकेचाळीस वर्षांच्या संसारात पाहिले नव्हते. मी पाहिले होते, पण ते कचेरीच्या कामाला गेलो असता टॅक्सीच्या खिडकीतून, तेही मांडीवरच्या फायली सावरता सावरता. त्याला समुद्र पाहणे म्हणत असतील तर मी ताजमहालही पाहिला आहे, बिस्किटाच्या डब्यावर!

लग्न ठरले तेव्हा मी तिला मुंबईचा समुद्र दाखवायचे कबूल केले होते. पुढे धाकट्या बहिणीचे लग्न निघाले, मग आईचे आजारपण, मग मुलाचे शिक्षण. दरवर्षी बेत व्हायचा आणि दरवर्षी मी म्हणायचो, "अगं, समुद्र काय कुठे पळून जातो आहे?"

मुलगा नोकरीला लागला तो बंगळूरला. दोन वर्षांपूर्वी त्याची मुंबईला बदली झाली, अंधेरीला एकोणिसाव्या मजल्यावर त्याने घर घेतले, आणि एके रात्री त्याचा फोन आला, "बाबा, आता तुम्ही दोघे कायमचेच इकडे या. धंतोलीचे घर विकून टाका."

घर माझ्या वडिलांनी बांधलेले. चार खोल्या, पण पुढे ऐसपैस अंगण. त्यात कडुनिंब, पारिजातक आणि तुळशीवृंदावन. उन्हाळ्यात तिन्हीसांजेला पाणी शिंपडून खाट टाकली की पंचेचाळीस अंशांची दुपारही माणूस विसरतो. त्या अंगणावर डोळा ठेवून एक बिल्डर दोनदा चहा पिऊन गेला होता. मी मुलाला निक्षून 'नाही' म्हणणार होतो, पण सौभाग्यवती मागून हळूच म्हणाल्या, "तीन आठवडे राहून तर पाहू."

मी मनात म्हटले, हरकत नाही. तीन आठवड्यांत तीच कंटाळेल.

उलट्या दिशेची गाडी

आम्ही निघालो ते ३ डिसेंबरला. त्या दिवसांत नागपूरची हवा गोड असते आणि विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनासाठी सरकार आमच्याकडे यायच्या तयारीत असते. ते येणार आणि आम्ही जाणार, याची मला मोठी गंमत वाटली. वाचकहो, आम्हा नागपूरकरांचे मुंबईशी नाते थोडे नाजूकच आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि आमची राजधानी जाऊन वाट्याला आले हिवाळ्यातले एक अधिवेशन. त्याचे मूळ २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात आहे. माझे वडील म्हणायचे, "राजधानी दिली आणि समुद्र घेतला. पण समुद्र ठेवला त्यांच्याकडेच!"

गाडीने नागपूर ते मुंबई सुमारे ८३७ किलोमीटर. आमच्या समोरच्या बाकावर पांढऱ्या लुगड्यातल्या एक आजी होत्या, इंदोऱ्याच्या. सहा डिसेंबरसाठी निघालेल्या. बहिणीकडे मुक्काम करून चैत्यभूमीवर जाणार होत्या. आमच्या सौभाग्यवतींनी शिदोरी सोडली, आजींनी आपली चटणी पुढे केली, आणि वर्धा यायच्या आत दोघींची गट्टी जमली.

"तुमी काय दर्शनाले चालल्या?" आजींनी विचारले.

"नाही हो. मी समुद्र पाहायला. अजून पाहिलाच नाही."

आजी हसल्या. "मी गेली पहिल्यांदा त मायच्या कडेवर होती. समुद्र काही दिसला नाही मले, नुसती डोकीच डोकी. माय म्हणे, हाच समुद्र पाह्य बाई, तो दुसरा मंग दाखवतो."

मी खिडकीबाहेर पाहत होतो, पण कान तिकडेच होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आमच्या नागपुरात लाखोंना दीक्षा दिली. त्यानंतर दोन महिने होण्याच्या आतच, ७ डिसेंबरला, दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दसऱ्याला माणसे समुद्राकडून नागपूरला येतात आणि डिसेंबरात नागपूरकडून समुद्राला जातात. दीक्षाभूमी माझ्या घरापासून काही फार लांब नाही. तरीही, माझ्याच गावातल्या इतक्या माणसांनी माझ्या आधी समुद्र पाहिला होता आणि तो काय म्हणून पाहिला होता, याचा विचार मी सदुसष्ट वर्षांत एकदाही केला नव्हता.

समुद्र पळाला!

पोचलो त्याच दिवशी संध्याकाळी सूनबाई आम्हाला जुहूला घेऊन गेल्या. सोबत दहा वर्षांची नात. सौभाग्यवतींनी इंदुरी पातळ नेसले होते, जणू कुणाच्या घरी हळदीकुंकवाला निघाल्या आहेत. वाळूवर पोचलो आणि पाहतो तो समुद्र लांब, पार लांब! मध्ये ओल्या वाळूचे भले मोठे मैदान, त्यात पोरांचे क्रिकेट रंगलेले, आणि पलीकडे एक पांढरी रेघ.

सौभाग्यवतींनी माझ्याकडे वळून शांतपणे विचारले, "कुठे पळून जातो म्हणत होता ना? पाहा, पळाला!"

एकेचाळीस वर्षांचे उत्तर तिने एका वाक्यात दिले. मी निमूटपणे सगळ्यांना घेऊन भेळेच्या गाडीकडे वळलो.

तिथे आमची दुसरी फजिती झाली. भेळवाला सराईत, कुरमुरे, शेव, कांदा, बटाटा आणि दोन चटण्या पातेल्यात घालून असा काही हात फिरवी की पाहतच राहावे. सौभाग्यवती म्हणाल्या, "भाऊ, सांबार जरा जास्त टाका."

त्याचा हात थांबला. "सांबार इडलीवाल्याकडे मिळेल, आजी. तो तिकडे."

नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? शेवटी नातीने दुभाष्याचे काम केले. भेळ मात्र, खोटे का बोला, झकास होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास आम्ही दोघेच पुन्हा गेलो. काल पाहिलेली रेघ मनात धरून मी चपला वाळूवर शिस्तीत ठेवल्या, त्यांवर वर्तमानपत्र ठेवले आणि बराच लांब जाऊन उभा राहिलो. तळ्याकाठी वाढलेला माणूस! पाणी आपल्या जागी राहते अशी माझी समजूत. थोड्या वेळाने मागून शेंगदाणेवाला ओरडला, "काका, चपला चालल्या!" वळून पाहतो तर वर्तमानपत्र पसरून तरंगते आहे आणि एक चप्पल डौलात अरबस्तानाकडे निघाली आहे. दुसरी सौभाग्यवतींनी पकडली. पण एका चपलेचा उपयोग काय? अनवाणीच रिक्षात बसलो.

घरी नातीने शिकवणी घेतली. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरते, आणि त्या दिवसांत मुंबईला भरती येते ती दुपारी बाराच्या आसपास. "आजोबा, कॅलेंडर पाहून चपला ठेवायच्या!" मग तिनेच विचारले, "पुस्तकात 'समुद्रसपाटीपासून उंची' लिहितात. समुद्र तर सपाट नसतोच. मग सपाटी कुठली?"

इथे मात्र आजोबांना भाव खाता आला. मुंबईसारख्या बंदरांत वर्षानुवर्षे भरती-ओहोटी मोजून तिची सरासरी काढली, तीच ही सपाटी. साऱ्या देशाच्या उंच्या तिथून मोजल्या गेल्या. आमच्या नागपूरच्या शून्य मैलाच्या खांबाजवळ, त्या चार घोड्यांच्या शेजारी, १९०७ सालचा मोजणीखात्याचा दगड आहे. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर. म्हणजे देशाच्या मध्यावर बसूनही आम्ही आमची उंची समुद्राला विचारूनच सांगतो!

गावाचे अंगण

सहा तारखेला आम्ही दादरला गेलो. सौभाग्यवतींनी आजींना शब्द दिला होता. आजी काही त्या गर्दीत सापडल्या नाहीत, सापडणारही नव्हत्या. रांग कुठून सुरू होते आणि कुठे संपते तेच कळेना. शिवाजी पार्कवर पुस्तकांची दुकानेच दुकाने. ज्यांच्या पायांत धड चपला नाहीत अशी माणसे पिशव्या भरभरून पुस्तके घेत होती. आम्ही वाळूच्या कडेला उभे राहिलो. सौभाग्यवती पाण्याकडे पाठ करून माणसांकडे पाहत होत्या. "आजींची माय बरोबर म्हणाली," एवढेच त्या बोलल्या.

नंतरचे दिवस आम्ही चौपाट्या पालथ्या घातल्या. गिरगाव चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी ते गेले आणि याच वाळूवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आमच्या नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि असहकारावर शिक्कामोर्तब झाले. १९३० साली याच चौपाटीवर लोकांनी मिठाचा कायदा मोडला. आमच्या विदर्भात समुद्र नाही म्हणून कुणी स्वस्थ बसले नाही. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात, दहीहंड्याला, विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ केले. आणि १० जुलै १९३० रोजी पुसदला लोकनायक अण्यांनी जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला. सौभाग्यवतींनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले, तोंड वाकडे केले आणि म्हणाल्या, "गवतच बरं!"

तिथल्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ रोज भेटू लागले. जन्म गिरगावातल्या चाळीत. त्यांना मी आमच्या अंगणाचे वर्णन मोठ्या अभिमानाने ऐकवले. ते म्हणाले, "आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत आठजण वाढलो. मॅट्रिकचा अभ्यास मी इथल्या दिव्याखाली केला. भावाशी भांडण झाले की रुसून यायचे ते इथेच. लग्नाआधी बायकोशी पहिल्यांदा बोललो तोही इथेच. तुमच्याकडे अंगण घराला असते. आमच्याकडे ते गावाला आहे."

मुंबईकर वाळूत का गर्दी करतात हे कोडे मला तेव्हा उलगडले. मी समजत होतो, लोक इथे समुद्र पाहायला येतात. पण निम्म्यांची तर समुद्राकडे पाठ असते! पहाटे हास्यक्लबची मंडळी येतात, सकाळी पोहणारे आणि धावणारे, दुपारी ज्यांना कुठेच जागा नाही ते, संध्याकाळी पोरेबाळे आणि काळोख पडता पडता जोडपी. आणि या अंगणाला सणही आहेत. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ देतात, अनंत चतुर्दशीला गणपती निरोप घेतात, दिवाळीनंतर सहा दिवसांनी उत्तरेकडची कुटुंबे छटपूजेला कमरेभर पाण्यात उभी राहतात, आणि सहा डिसेंबरला सारा देश दादरला लोटतो. तिकीट नाही, दरवान नाही, कुणी कुणाला 'आपण कोण?' म्हणून विचारत नाही.

पण ज्या अंगणाला कुंपण नाही त्याची काळजी कोण घेणार? मरीन ड्राइव्ह ही मुंबईची शान. पण ती उभी आहे समुद्रात भर घालूनच. आता गिरगाव चौपाटीजवळून मलबार हिलच्या पोटात बोगदा शिरतो, आणि मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला सागरी रस्ता किनाऱ्याला खेटून वरळीकडे जातो. मुलाने आम्हाला त्यावरून नेले. काही मिनिटांत वरळी! सोय मोठीच, पण गाडीच्या काचेतून समुद्र मला पुन्हा तसाच दिसला, टॅक्सीतून दिसला होता तसा. उलट वर्सोव्याला पाहा. तिथे कचऱ्याचे थर साचले होते. २०१५ साली अफरोज शाह नावाचे वकील स्वतः वाकून कचरा उचलू लागले, शेकडो हात त्यांना मिळाले, आणि २०१८ साली त्या वाळूतून कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली. अंगण गावाचे असले तरी झाडायला कुणीतरी पुढे यावेच लागते.

कठड्यावरचे बोलणे

झाडण्याचा विषय निघाला आणि तिथेच मी अडकलो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलो होतो. खाली सिमेंटच्या चौपायी ठोकळ्यांवर लाटा फुटत होत्या. उजवीकडे तरुण जोडपे, डावीकडे तरुण जोडपे, मध्ये आम्ही. मला जरा अवघडल्यासारखे झाले. पण कुणी मान वळवूनही पाहिले नाही. हळूहळू दिवे लागले आणि तो प्रसिद्ध हार चमकू लागला.

मी म्हटले, "तर मग, मुलाला काय सांगायचे? तुला तुझे अंगण सोडवणार नाही, हे मला ठाऊक आहे."

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "मला इथे राहावंसं वाटतं."

मला वाटले, लाटांच्या आवाजात मी चुकीचे ऐकले.

"अहो, ते अंगण तुमचं बसायचं आहे. माझं झाडायचं आहे. पहाटे उठून पालापाचोळा मी काढायचा, सडा मी घालायचा, रांगोळी मी काढायची. उन्हाळ्यात कुरडया-पापड मी वाळवायचे आणि चिमण्या हाकलत बसायचं. संध्याकाळी पाणी शिंपडून खाट मी टाकायची, की तुम्ही येऊन म्हणणार, 'वा, काय झुळूक आहे!' एकेचाळीस वर्षांत त्या अंगणात मी रिकामी बसले तर फाटकातून कुणीतरी विचारणारच, 'काय बाप्पा, आज काम नाही का?' इथे तीन आठवडे मी रोज नुसती बसले. कुणी काही विचारलं नाही."

वाचकहो, मी चाळीस वर्षे फायलींवर नेमके शेरे मारले. पण त्या क्षणी एक अक्षर सुचेना. ज्या अंगणाचे मी गावभर कौतुक सांगत फिरलो, त्याचा हिशेब मी एकाच बाजूने मांडला होता.

"मग विकायचे?" मी कसाबसा विचारले.

"विकू नका," ती म्हणाली. "तुमच्या वडिलांचं आहे ते, आणि पारिजातक माझा आहे. इथे मुलाचा संसार आहे. त्यात आपण पाहुणेच बरे. पण दर हिवाळ्यात मला इथे आणायचं. पळवाट काढायची नाही. आणि तिकडे गेल्यावर..." ती थांबली.

"तिकडे गेल्यावर काय?"

"बघू, तुमच्या लक्षात राहतं का ते."

मुलगा थोडा नाराज झाला. पण दर डिसेंबरचा करार त्याने मान्य केला. सूनबाईंनी सासूला जवळ घेतले, आणि त्या दोघींचे हे आधीच ठरले होते की काय, अशी शंका मला अजून आहे.

नागपूरला परतलो. दुसऱ्या दिवशी पहाटे मी खराटा हातात घेतला. कडुनिंबाची पाने किती बारीक असतात आणि किती पडतात, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळले. शेजारचे भाऊसाहेब फाटकापाशी थबकून म्हणाले, "काय बाप्पा, हे काय करून राहिले?" मी म्हटले, "अंगण झाडून राहिलो." अर्ध्या तासात कंबर धरली. बिल्डर तिसऱ्यांदा आला तेव्हा मी झाडतच होतो. तो चहा न घेताच परत गेला.

त्या संध्याकाळी मी सौभाग्यवतींना म्हटले, "चल, चौपाटीवर जाऊ."

फुटाळ्याच्या काठाला आम्ही नागपूरकर चौपाटीच म्हणतो. इतकी वर्षे या गावात काढली. पण दोघे मिळून तिथे नुसते बसायला कधी गेलो नव्हतो. भाजलेले कणीस घेतले, लिंबू-मीठ चोळून. पाणी शांत होते, सूर्य बुडत होता, आणि समोरच्या काठावरचे झाड न् झाड दिसत होते. ओळखीचे दोघेतिघे भेटले. एकाने विचारलेच, "काय, आज इकडे कसे?"

"बसलो आहोत," मी म्हटले.

मी सवयीने चपला उचलून मांडीजवळ घेतल्या. सौभाग्यवती हसल्या. म्हणाल्या, "अहो, ठेवा खाली. इथे भरती येत नाही."